आई काय म्हणतेय?

तिचं नाव मी विचारलं नाही. माझ्या फॉर्मवर नावाला जागा नव्हती. अमेरिकेत आलेल्या आमच्या मराठी घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे नियम जरा जास्तच पाळायचे. फ्लोरिडातल्या क्युबन आणि फिनिश कुटुंबांच्या परिस्थितीची तुलना, हा माझा प्रोजेक्ट. फिनलंडहून आलेल्यांच्या वृद्धाश्रमात ती क्युबन बाई बरीच वर्षं काम करायची, फिनिशही तिथेच शिकली होती.

एका आजींचे केस विंचरत ती उत्तरं देत होती. स्वतःचं घर? नाही. गाडी?

"बस आहे ना, ड्रायव्हरसकट!"

तेवढ्यात आजींची मुलगी आली. तिच्याकडे घर होतं, दोन गाड्या होत्या. आजी तिला फिनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. म्हातारपणी त्या इंग्लिश विसरल्या होत्या, आणि मुलगी फिनिश कधी शिकलीच नव्हती. तिनं त्या बाईला विचारलं, "काय म्हणतेय आई?"

"कॉफी घेणार का, विचारतायत."

मुलीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाईचा कंगवा थांबला नाही. मला हळूच म्हणाली, "माझ्या आईचं मला सगळं समजतं गं. पण ती हवानात. फोनच लागत नाही."

हे मी कुठल्या रकान्यात लिहिणार? माझ्या तक्त्यात फिनिश लोक सगळीकडे पुढे होते.

घरी आले तर आईनं विचारलं, "चहा टाकू का गं?" मी नेहमी 'येस, मॉम' म्हणायचे. त्या दिवशी 'टाक' म्हणायला तोंड उघडलं, आणि आपल्याला ते नीट म्हणता येईल ना, अशी भीती वाटली.