पंचनाम्यातलं जेवण

आमच्या गल्लीत कुणाचंही भांडण झालं तरी मिटवायला मला बोलावत नाहीत. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि लोकांना काय दिसत नाही ते सांगण्यावर माझं पोट चालतं. पण त्या दिवशी समोरच्या दुकानात आलेल्या कर खात्याच्या माणसांना पंच म्हणून एक बाई हवी होती आणि माझ्या दुकानात मी बसलेली दिसले. म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

समोरचा दुकानदार आंब्याची खोकी विकतो. आंबे नाही, नुसती खोकी. पुठ्ठ्याची, वर पिवळ्याधमक हापूसचं चित्र छापलेली. हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसते आणि उरलेलं वर्ष तो पायरीवर बसून पेपर वाचतो. दुकानाच्या वर घर, मागे गोदाम. घरात तो आणि त्याची बायको. तिला मी वहिनी म्हणते. त्याला काही म्हणत नाही, सरळ बोलायला लागते.

हंगाम नुकताच संपला होता. सकाळी चौघे आले, तीन पुरुष आणि एक बाई. त्यांनी ओळखपत्रं दाखवली, तपासणीचा हुकूम दाखवला आणि शटर अर्ध्यावर ओढलं. त्यांचं वागणं सभ्य होतं, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर बाजारात भलभलतं पसरलं. त्यांच्यातला प्रमुख तरुण होता. तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त पाहायचं आणि शेवटी सही करायची."

"आणि एखादी गोष्ट पटली नाही तर?"

"पंचाला पटण्या न पटण्याचा प्रश्न नसतो. जे दिसलं ते."

हे उत्तर मला आवडलं. गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं वाचतं तेव्हा मीही तेवढंच टिपून घेते. दुसरा पंच म्हणजे कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला. तो दिवसभर एक अक्षर बोलला नाही.

गोदाम उघडलं तर आत छतापर्यंत खोकी. हिशेबाच्या वह्यांत मात्र ती विकली गेलेली होती.

आमच्याकडे याची एक रीत आहे. बागायतदार हंगामाच्या तोंडावर अंदाजाने खोकी उचलतो. आंबा कमी आला की उरलेली खोकी टेम्पोत टाकून परत आणतो. दुकानदार "पुढल्या वर्षी बघू" म्हणतो, ती आत रचतो, आणि दोघांच्याही ते लक्षात राहतं. कागद कुणी करत नाही. कागद मागितला तर समोरच्याला वाटतं, याचा आपल्यावर भरवसा नाही. त्यामुळे विक्रीच्या वेळीच कर भरलेली खोकी पुन्हा गोदामात येऊन बसली होती, आणि कागदावर मात्र ती कुठेच नव्हती.

"साहेब, ही परत आलेली खोकी हायत," दुकानदार म्हणाला.

"परतीचा कागद?"

"कागद कसला हो? सगळी घरची माणसं."

अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या नाहीत की आवाज चढवला नाही. त्याने लॅपटॉपवर लिहिलं, समाधानकारक खुलासा देता आला नाही.

दुपारी वहिनी खाली आल्या. भात, फणसाची भाजी, सोलकढी आणि वर सांदणं, असा सगळ्यांचा स्वयंपाक त्यांनी केला होता. "आधी दोन घास खाऊन घ्या. कामं काय पळून जातायत?" त्या म्हणाल्या.

"आम्हाला तुमच्याकडचं काही घेता येत नाही. पाणीसुद्धा आमचं आणलंय," अधिकारी म्हणाला. मग दुकानदाराकडे वळून, "तुम्ही मात्र जेवा. तुम्हाला कुणी अडवलेलं नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. दुकानदार "मागाहून बघू" म्हणाला. त्याला साखरेचा त्रास आहे, गोळी जेवणाबरोबर घ्यावी लागते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "जेवा की हो गपचूप."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, दारात आलेली माणसं उपाशी, नि मी त्यांच्यासमोर ताट घेऊन बसू? जमायचं नाय."

मी मात्र जेवले. वर बाई अधिकारी कपाटं पाहत होत्या. तिथेच स्वयंपाकघरात उभ्याने, त्यांच्या देखत जेवले. मला असले संकोच नाहीत. सांदण उत्तम झालं होतं.

अधिकाऱ्याने त्याला जेवायला पुन्हा सांगितलं, नंतर आणखी एकदा सांगितलं. त्यांचेही चेहरे सुकलेले होते. काम संपवूनच बाहेर जेवू, असा त्यांचा विचार दिसत होता. जबाब सुरू झाला तेव्हा दुकानदाराच्या कपाळावर घाम होता. आधी तो प्रत्येक बागायतदाराची हकिगत सांगायचा. मग नुसतं होय, नाही. मग तेही नाही. शेवटी म्हणाला, "काय लिहायचं ते लिहा साहेब. आटपा, नि तुम्ही पण कुठेतरी जेवा."

लिहिलं गेलं ते असं, की हा माल मी मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवला होता, हे मला मान्य आहे. त्याने सही केली.

त्यानंतर पंचनामा वाचून दाखवला. कारवाई शांततेत पार पडली, जबाब स्वखुशीने दिला, कोणतीही जबरदस्ती झाली नाही, कुणाच्याही भावना दुखावल्या गेल्या नाहीत. मी म्हटलं, "त्यात एक वाक्य घाला. दुकानदार सकाळपासून जेवलेले नाहीत आणि त्यांना साखरेचा त्रास आहे."

"मॅडम, आम्ही त्यांना वारंवार सांगितलं."

"तेही घाला. तेही मी पाहिलंय."

"त्याने काय फरक पडणार?"

"ते मला ठाऊक नाही. जे दिसलं ते सांगते. तुम्हीच म्हणालात."

एवढ्यात दुकानदारानेच माझ्यापुढे हात जोडले. "ताई, करा सही नि सोडवा एकदाचं."

माझं डोकं सटकलं. अधिकाऱ्यांपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला, आणि मी खुर्चीवरून हलले नाही. अखेर अधिकाऱ्याने वाक्य टाइप केलं. दुकानदार का जेवला नाही तेही लिहा, असं मी म्हटलं. तेव्हा अधिकारी शांतपणे म्हणाला, "कारण दिसतं का मॅडम? मग ते पंचनाम्यात येत नाही." त्याचं बरोबर होतं. मी सही केली.

पुढे आदेश आला. कर पुन्हा भरायचा, आणि माल मुद्दाम दडवला म्हणून वर तेवढाच दंड. दंडाची झळ बसलीच, पण त्या माणसाने हाय खाल्ली ती 'मुद्दाम' या शब्दाची. तो पायरीवर बसेनासा झाला. "चूक म्हणा, गबाळा म्हणा," तो बायकोला म्हणायचा, "पण माझ्या सहीखाली चोर लिवलाय." माझ्याशी तर त्याने बोलणंच टाकलं होतं. माझ्या एका वाक्यापायी ती संध्याकाळ लांबली, असं त्याला वाटत असावं.

त्याच्या कर सल्लागाराने अपिलात नेमकं तेच वाक्य पुढे केलं. सुनावणी कोल्हापूरला होती. वहिनींनी सोबत म्हणून मला नेलं. तिथे व्हरांड्यात करदात्याचे हक्क लिहिलेला भलामोठा फलक होता. करदात्याशी सौजन्याने वागले जाईल, हे पहिलंच कलम. मी तो फलक अथपासून इतिपर्यंत वाचला आणि मला हसू आलं. सौजन्य तर होतंच. आमच्या गल्लीत ते दोन्ही बाजूंना जरा जास्तच झालं होतं.

आत अपील ऐकणाऱ्या साहेबांनी वाक्य वाचलं आणि विचारलं, "तुम्हाला वारंवार जेवायला सांगितलं होतं. मग जेवला का नाहीत?"

सल्लागाराने दुकानदाराला कोपराने डिवचलं. मग तो म्हणाला, "साहेब, ती चौघं उपाशी होती. माझ्या दारात होती."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काचा बदलायला आल्या होत्या. शेजारी टाइप करणाऱ्याला ते म्हणाले, "हे उत्तर आहे तसं घ्या."

बागायतदारांनी खोकी आपण परत दिल्याची पत्रं दिलीच होती. निकाल आला, त्या अवस्थेत दिलेल्या जबाबावर विसंबता येणार नाही. 'मुद्दाम' गेलं आणि तो मोठा दंडही गेला. कागद न ठेवल्याचा किरकोळ दंड राहिला. दुकानदार माझ्याकडे चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला, जी मोडलेली नव्हती. आमचं बोलणं सुरू झालं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या हंगामानंतर पुन्हा तपासणी आली. मधल्या काळात पद्धत बदलली होती. आता सगळं कॅमेऱ्यावर घेतात, आणि सल्लागाराने दुकानदाराला बजावून ठेवलं होतं, की परतीच्या प्रत्येक खोक्याचा कागद करायचा, आणि तपासणी आली तर जेवायच्या वेळेला जेवायचं, कॅमेऱ्यासमोर, म्हणजे नंतर वाद नको. कागद त्याने केले होते. एका जुन्या बागायतदाराने सही दिली, पण त्यानंतर नुसता टेम्पो पाठवू लागला, स्वतः येईनासा झाला.

तोच तरुण अधिकारी होता, आणि पंच म्हणून पुन्हा मीच. मला पाहून म्हणाला, "या मॅडम." या वेळी खोकी आणि कागद जुळले. दुपार झाली तशा वहिनी खाली आल्या. हातात एकच ताट होतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही. ताट स्टुलावर ठेवून त्या खाली मान घालून वर गेल्या.

दुकानदाराने स्टूल उचललं, खोक्यांच्या थप्पीकडे तोंड करून बसला आणि आमच्याकडे पाठ करून जेवू लागला. अधिकारी जमिनीकडे बघत होता. कॅमेरा चालू होता. दोन घास झाले आणि दुकानदाराचा हात थांबला. त्याने मनगटाने डोळे पुसले. मग पुन्हा जेवू लागला आणि सल्लागाराने सांगितल्याप्रमाणे ताट संपवलं. मला वाटलं, उठून तो कॅमेरा बंद करावा. मी उठले नाही. पंच होते.

पंचनाम्यात लिहिलं, दुपारी दुकानदारांनी जेवण घेतले.

"काही वाढवायचंय, मॅडम?" अधिकाऱ्याने विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. मी दुकानदाराकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मी सही केली.

ते गेल्यावर वहिनींनी मला वर बोलावलं आणि डबा भरायला घेतला. पातेल्यात भात सगळ्यांना पुरेल एवढा होता.