चार नंबरच्या खोलीचं प्रमाणपत्र

शाळेच्या मागच्या बाजूला चार नंबरची खोली होती. तिसरीचा वर्ग तिथं बसायचा. छताला एका कोपऱ्यात पोट सुटल्यासारखा फुगवटा आला होता, आणि जिथलं प्लास्टर आधीच गळून गेलं होतं तिथून गंजलेल्या सळया दिसायच्या. माझे बाबा प्लास्टरला गिलावा म्हणतात. मी दिल्लीत वाढले, तो शब्द माझ्या तोंडात कधी बसलाच नाही. रोज सकाळी प्रार्थनेआधी मी जळमटं काढायच्या बांबूने ते छत ठोकून बघायचे. भक्कम जागी ठक्क वाजायचं, पोकळ जागी ढब. ढब वाजणारी जागा महिन्यागणिक वाढत होती.

फरीदाबादला, कारखान्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची वस्ती आहे, तिथली ही सरकारी प्राथमिक शाळा. बिहार, बंगाल, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुलं. मी अकरा वर्षं तिथं शिकवत होते. मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि सगळ्यांत जुनी म्हणून चार्ज माझ्याकडे आला. चार्ज म्हणजे किल्ल्या, शिक्का, पोर्टलचा पासवर्ड आणि बँकेच्या खात्यावर सही. दुसरी सही शाळा समितीच्या अध्यक्षांची लागायची. समिती पालकांची असते. आमची अध्यक्ष नटबोल्टच्या कारखान्यात पॅकिंग करणारी एक आई होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, दोन मुलं आमच्याकडे शिकणारी. सही करायला ती अध्यक्ष झाल्यावरच शिकली होती.

छतासाठी आम्ही दोन वर्षांत तीनदा अर्ज केला होता. पैसे आले ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आधी मला आनंदच झाला. मग वरच्या कार्यालयातून बाबूचा फोन आला.

"मैडम, इकतीस तक खर्च दिखाकर यूसी भेज दीजिए. नहीं तो पैसा वापस."

यूसी म्हणजे पैसे ज्या कामासाठी आले त्याच कामावर खर्च झाले, असं लिहून द्यायचं प्रमाणपत्र. मी म्हटलं, चार दिवसांत छत कसं होईल? मध्ये एक सुट्टी पण आहे.

"सब कर रहे हैं, मैडम," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याला त्या दिवशी असे बरेच फोन करायचे असणार.

ठेकेदार आला. त्याने छताकडे बघून मान हलवली. सैल प्लास्टर पाडायचं, सळया घासायच्या, खाली टेकू द्यायचे, पंधरा-वीस दिवस तरी लागतील. बिल तो आजच देईल, पैसे त्याच्या खात्यात टाकून द्यावेत, काम एप्रिलमध्ये नक्की. मी दोन ओळखीच्या शाळांना फोन केला. दोन्हीकडे असंच चाललं होतं. "यार, परत गेलेला पैसा पुन्हा येत नाही," माझी मैत्रीण म्हणाली. हे मलाही माहीत होतं.

अध्यक्षबाई जेवणाच्या सुट्टीत आली, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच. तिच्याकडे वीस मिनिटं होती. मी बिल, चेक आणि प्रमाणपत्र पुढे केलं.

"छत बन गई, मैडम?"

"बन जाएगी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पेन घेऊन एकेक अक्षर जपून काढत तिने तीन ठिकाणी सही केली. तिच्याखाली मी केली. शिक्का मारला. काम समाधानकारकरीत्या पूर्ण झालं आहे, असं त्या कागदावर लिहिलं होतं. तिला ते वाचता येत नव्हतं, आणि मी वाचून दाखवलं नाही.

एप्रिल उजाडला. ठेकेदार म्हणाला, मजूर गव्हाच्या कापणीला गावी गेलेत. पुढच्या आठवड्यात म्हणाला, येतील. मग त्याचा फोन लागेनासा झाला.

माझी भीती तेव्हा सुरू झाली, आणि ती आधीच्यापेक्षा वेगळी होती. मार्चपर्यंत मी छताला भीत होते, पण त्याबद्दल बोलू तरी शकत होते. आता कागदावर छत नवं झालं होतं. पैसे मागायला गेले असते तर विचारलं असतं, कशासाठी? खोलीला कुलूप लावलं असतं तर विचारलं असतं, दुरुस्त केलेली खोली बंद का? आणि कुलूप लावून बावन्न मुलं बसवू कुठे? पहिलीचा वर्ग आधीच व्हरांड्यात होता. मी तिसरीला खोलीच्या अलीकडच्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवलं आणि मधे खडूची रेघ ओढली. "इसके पार कोई नहीं जाएगा." मुलांना ती खेळाची रेघ वाटली. मधल्या सुट्टीत ती पलीकडे पाय टाकून मागे पळायची आणि हसायची. मी ओरडले की त्यांना आणखी मजा वाटायची.

घरी पंखा फिरताना मी वर बघत राहायचे. नवरा विचारायचा, काय झालं? मी म्हणायचे, कुठे काय.

तो दिवस गुरुवार होता. दुसरा तास, शुद्धलेखन चाललं होतं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने वहीवर फुंकर मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली. मी तिला रागावणार होते, तेवढ्यात मला तिची वही दिसली. पानावर पिठासारखी बारीक पांढरी धूळ होती, आणि मी बघत असतानाच आणखी पडली. ती रेघेच्या अलीकडे बसली होती. अलीकडच्या भागात मी बांबूने रोज ठोकायचे. तिथं ठक्क वाजायचं.

"बाहर!" मी ओरडले. "सब बाहर! बस्ता छोड़ो!"

आधी कोणी हललंच नाही. मग दोघं हसली. मी दारातल्याला दंडाला धरून बाहेर ढकललं, तेव्हा माझा चेहरा बघून बाकीचे पळाले. दारात रेटारेटी झाली. मी दाराशी उभी राहून एकेकाला ओढत होते आणि मोजत होते. चाळीसच्या पुढे माझी मोजणी चुकली. आत बघितलं तर ती वही फुंकणारी मुलगी परत फिरली होती आणि बाकाखालून दप्तर ओढत होती. बाकाच्या पायात तिचा पट्टा अडकला होता.

मी तिचं नाव घेऊन किंचाळले. ती दप्तर टाकून पळत सुटली, आणि ती दारापासून दोन हातांवर असताना छत खाली आलं.

आवाज मला आठवत नाही. धूळ आठवते. काहीच दिसत नव्हतं, आणि माझ्या हातात तिचा हात होता, पण हाताच्या पुढे काय आहे ते मला कळत नव्हतं. त्या दोन-तीन क्षणांत मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मग ती खोकली. मी तिला ओढून बाहेर घेतलं. तिची टाच मागून फाटली होती, काँक्रीटचा तुकडा उडून लागला होता. रक्त खूप होतं. ती रडत नव्हती. "मैडम, मेरा बस्ता," एवढंच म्हणत होती.

दवाखान्यात सात टाके पडले. हाड शाबूत होतं. तिची आई आली, तिने मला काही विचारलं नाही, उलट माझे हात धरून म्हणाली, तुम्ही बाहेर काढलंत म्हणून वाचली. मी हात सोडवून घेतले.

संध्याकाळी बाबूचा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता. "मैडम, लिखिए कि मरम्मत का काम चल रहा था, तब गिरा. थोड़ा बाकी था, बस. सबके लिए ठीक रहेगा." पाठोपाठ ठेकेदाराचाही फोन लागला, आपणहून. उद्याच टेकू आणून लावतो म्हणाला, फोटो काढून घ्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती. सकाळी दारावरची बेल वाजली. अध्यक्षबाई होती, नवऱ्याला घेऊन आलेली. त्या दिवसाची हजेरी बुडवून दोघं आली होती. ती आत येईना. दारातच म्हणाली, "मैडम, जेल मुझे होगी ना? साइन तो मेरा है."

नवरा खाली बघत होता. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, काही होणार नाही. तिने पुन्हा माझ्याकडे तसंच बघितलं, सही करण्याआधी बघितलं होतं तसं. या वेळी मला नजरेला नजर देता आली नाही.

दुपारी मी मेट्रोने करोल बागला बाबांकडे गेले. बाबा केंद्र सरकारच्या लेखा विभागात चौतीस वर्षं होते. लहानपणी आमच्या घरात ऑफिसचं पेन्सिलचं टोकसुद्धा आलेलं मी पाहिलं नाही. ते मला फाडून खातील, या भीतीने मी जिना चढले. त्यांनी प्रमाणपत्राची प्रत चष्मा लावून वाचली, दोनदा वाचली. मग घडी घालून टेबलावर ठेवली.

"ते सांगतायत तसं लिहून दे," बाबा म्हणाले.

"बाबा?"

"काम चालू होतं म्हण. अगं, नोकरी जाईल तुझी. पेन्शन जाईल. मुलगी वाचली ना? वाचली. मग लिही."

त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. आदल्या दिवसापासून मी घाबरलेलीच होते, पण बाबांना घाबरलेलं बघून मला एकदम पायाखाली काही नाही असं वाटलं. मी त्यांच्याकडे रागावून घ्यायला गेले होते.

"काम चालू होतं म्हटलं," मी हळूच म्हटलं, "तर विचारतील, काम चालू असताना मुलं आत कशी? अध्यक्ष काय बघत होती?"

बाबांनी कोरा कागद काढून दिला, आणि मी लिहीत असताना खोलीतून उठून गॅलरीत गेले.

मी लिहिलं की खोलीत कोणतंही काम झालेलं नव्हतं. बिल आणि प्रमाणपत्र मी हे माहीत असताना दिलं. अध्यक्षांना मजकूर वाचून दाखवलेला नव्हता, त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. शनिवारी कार्यालयात जाऊन मी ते दिलं आणि पोच घेतली. शिक्का मारताना बाबूने ते वाचलं. "मैडम, ये क्या कर दिया आपने," तो म्हणाला, आणि मला तो खरोखर वाईट वाटून बोलतोय असं वाटलं. परतीच्या रिक्षात माझे दात वाजत होते. बाहेर कडक ऊन होतं.

चौकशी आठ महिने चालली. प्रत्येक पाकिटाला मी घाबरायचे. शेवटी माझी वेतनवाढ रोखली, चार्ज काढला नाही, कारण घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. ठेकेदाराकडून पैसे वसूल करायचा आदेश निघाला. वसूल झाले की नाही, मला कळलं नाही. बाबूची बदली झाली. अध्यक्षबाईला दोनदा बोलावून सोडून दिलं. दोन्ही वेळा मी तिच्यासोबत गेले, दोन्ही वेळा ती वाटेत एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने मुलांची नावं दुसऱ्या शाळेत घातली. जखमी मुलगी तीन आठवड्यांनी आली, चपलेचा मागचा पट्टा कापलेला. कुठल्याही खोलीत ती दाराजवळच बसते. चार नंबरची खोली पाडून टाकली. तिसरी आणि चौथी आता एकत्र बसतात.

गेल्या मार्चमध्ये मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पैसे आले. पुन्हा शेवटचा आठवडा. नव्या माणसाचा फोन आला, शब्द तेच. मी पोर्टल उघडून बसले. मुली लघवीसाठी घरी जातात, काही परत येत नाहीत, हे मला रोज दिसत होतं. मी लिहिलं, दिलेल्या मुदतीत काम शक्य नाही, रक्कम परत घ्यावी. बटण दाबलं.

एप्रिलच्या पालकसभेत नवी अध्यक्ष उठून उभी राहिली. तिची मुलगी पाचवीत आहे.

"सुना है पैसा आया था, मैडम. टॉयलेट का."

"आया था," मी म्हटलं.

"फिर?"

व्हरांड्यात तीसेक बायका बसल्या होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत. मी त्यांना सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून.