उत्तर ठाऊक नसलेला वाचक

गाईडे छापणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही, आणि ते सुधारण्याची संधी त्यांनी मला अद्याप दिलेली नाही. कागद असा, की मागच्या पानावरचा मजकूर पुढच्या पानावर डोकावतो. आणि 'संपूर्ण', 'परिपूर्ण', 'सर्वोत्तम' ही विशेषणे मुखपृष्ठावरच इतक्या सढळ हाताने उधळलेली, की आतल्या मजकुराच्या वाट्याला एकही उरत नाही. तरीही विधी महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेसाठी त्यांतलेच एक निवडण्याची वेळ माझ्यावर आली. कारण माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर वकील व्हायचे होते.

ताई वीजपुरवठा कार्यालयात दूरध्वनीवर लोकांच्या तक्रारी घेते. मी जन्मभर तक्रारी करीत आलो, ती ऐकत आली. आईवडिलांनी कामाची वाटणीच करून दिल्यासारखी. तिशीनंतर तिची दृष्टी हळूहळू गेली. खुर्ची राहिली, कारण त्या खुर्चीला कानच लागतात. आता मात्र तिच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज बसवण्याचे वरिष्ठांनी ठरवले होते. तो यायच्या आत तिला संध्याकाळच्या वर्गात प्रवेश हवा होता.

"पण वकिलीच कशाला?" मी विचारले होते.

"लोक रडकुंडीला येऊन सांगतात आणि मी म्हणते, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' इतकी वर्षं तेवढंच. मला त्याच्या पुढचं वाक्य शिकायचंय रे, अर्जदार."

अर्जदार हे तिने मला ठेवलेले नाव.

संगणक तिला पुष्कळ काही वाचून दाखवतो. पण ही गाईडे केवळ छापील. प्रकाशकाला मी खरमरीत पत्र लिहिले. उत्तर आले, 'आपली सूचना नोंदवली आहे.' ताई पोट धरधरून हसली. तेव्हा वाचनाचे काम माझ्याकडे आले. दुकानातले सर्वांत जाडजूड गाईड मी उचलले. प्रत्येक प्रश्नाच्या खालीच ठळक अक्षरांत उत्तर, हा त्याचा गुण दुकानदाराने पुनःपुन्हा सांगितला, आणि मलाही तो गुणच वाटला.

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती शेंगा सोलायची आणि मी प्रश्न वाचायचो. तिचे उत्तर चुकत नसे. मी थक्क होत असे. तीही खूश होती. मग एका शिकवणीवर्गाने सराव परीक्षा घेतली. खऱ्या परीक्षेत मिळते तशी तिला लेखनिक मिळाली, म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारी आणि सांगितलेले उत्तर लिहिणारी एक अनोळखी मुलगी. त्या परीक्षेत ताई सपशेल आपटली.

मी तत्काळ त्या लेखनिकेविरुद्ध अर्जाचा मसुदा करायला घेतला.

"फाड तो," ताई म्हणाली. "पोरीनं चोख वाचलं. चोख वाचलं म्हणूनच मी पडले."

"म्हणजे?"

"वाच बरं एखादा प्रश्न. कुठलाही."

मी वाचला. चौथा पर्याय संपायच्या आतच ती म्हणाली, "तिसरा."

"बरोबर!"

"आता विचार, प्रश्न कसला होता."

"कसला होता?"

"मला काय ठाऊक! मी ऐकलाच नाही. अरे, चुकीच्या पर्यायांना तू कचेरीतल्या कारकुनासारखं वागवतोस, आणि बरोबरचा आला की अदबीनं उठून उभा राहतोस. काल त्या पोरीचा कोरा आवाज ऐकला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी कायदा शिकतच नव्हते. तुला शिकत होते."

मी गाईड मिटले. आपल्या आवाजात एवढे काही चालते, हे मला ठाऊक नव्हते. ज्या कानाने ते टिपले, त्याच कानाने स्वतःची फसवणूकही पकडावी, याचे मला राहून राहून नवल वाटत होते. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि आमच्या हातात धुपाटणेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात आली.

"कसलं गाईड दाखवू, बाई?"

"ह्याला उत्तर कळणार नाही असं."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. "साहेब तर चांगले शिकलेले दिसतात."

"तोच तर त्रास आहे."

एका गाईडात उत्तरे पानाच्या तळाशी उलटी छापलेली होती. ताई म्हणाली, "हा पुस्तक उलटं धरील. ओळखते मी ह्याला." दुसऱ्यात प्रश्नांपेक्षा आकृत्याच अधिक. शेवटी दुकानदाराने वरच्या फळीवरून एक किडकिडीत, धुळकट पुस्तक काढले. "हे खपत नाही. उत्तरांची पुस्तिका वेगळी आहे. लोकांना उत्तर कसं हाताशी लागतं." ताईने ती पुस्तिका चाचपून पाहिली. "नुसती उत्तरं आहेत की कारणंही?" कारणेही होती. तिने पुस्तिका स्वतःच्या पर्समध्ये टाकली. ती जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातल्या मैत्रिणीने वाचायची, आणि मी तिच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही, असे ठरले.

त्या संध्याकाळचा प्रश्न मला अजून आठवतो. नियम असा: परवानगी संपल्यावरही जो दुसऱ्याच्या जागेत थांबतो, तो घुसखोर. घटना अशी: दुकान बंद होत असल्याचे दुकानदाराने पुकारले आणि गिऱ्हाईक कपाटामागे असतानाच शटर ओढून तो निघून गेला. गिऱ्हाईक घुसखोर ठरते काय? नियम स्पष्ट होता. मनात मी निकाल देऊनही टाकला: ठरते.

ताईची बोटे शेंगेवर थांबली. चेहरा किंचित कलला, दूरध्वनीवर कुणी रडत असताना कलत असावा तसा. "पुन्हा वाच," ती म्हणाली. मी वाचले.

"तो थांबला कुठे? त्याला थांबवलं. पाय आत राहिले म्हणून माणूस राहिला असं होत नाही. घुसखोर नाही."

ते बरोबर की चूक, हे मला ठाऊक नव्हते. पुढ्यात उत्तर नसताना एक मन अंधारात पाऊल टाकते, चाचपते, मागे येते, आणि अखेर भार टाकून उभे राहते, हे मी प्रथमच पाहत होतो. आणि तेही जन्मापासून जिच्या शेजारी बसून जेवलो तिच्यात. दुसऱ्या दिवशी ती कामावरून परत येईपर्यंत मी खिडकीशी येरझाऱ्या घालत होतो.

"काय म्हणाली पुस्तिका?"

"तुला एवढी घाई?" ती चपला काढत म्हणाली. "घुसखोर नाही."

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा होतो. ती लेखनिकेचा हात धरून बाहेर आली.

"आवाज कसा होता?"

"अगदी सपाट," ताई प्रसन्नपणे म्हणाली. "काही म्हणजे काही कळू दिलं नाही बयेनं."

तिला प्रवेश मिळाला. ध्वनिमुद्रित आवाज तिच्या खुर्चीवर बसला तेव्हा ती संध्याकाळच्या वर्गात जाऊ लागली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आता पहिल्या वर्षाचे जाडजूड ग्रंथ आहेत. मी वाचतो, ती थांबवते, आम्ही भांडतो, शेंगा तशाच राहतात. या ग्रंथांच्या मागे उत्तरे छापलेलीच नाहीत. त्याबद्दल मी कोणाकडेही तक्रार केलेली नाही.