मामाच्या स्क्रीनवरचा जिल्हा

आईचा फोन आला तेव्हा आमी दहा-अकरा जणं पुण्यातल्या एका थंडगार मीटिंग रूममध्ये एका बटणाचे कोपरे किती गोल पाहिजे यावर भांडून राह्यलो होतो. हेच माहं काम आहे... ॲपचे स्क्रीन कसे दिसावे हे ठरवायचं. आई एवढंच म्हणाली, "पल्लू, मधुमामा गेला वो. सकाळी दुकान उघडलं, खुर्चीवर बसला, अन् बस." फोन ठेवला तरी समोर पडद्यावर ते बटण तसंच होतं, अन् माहे ॲप दाखवले की मामा विचारे, तेच मले ऐकू येत होतं... "यात बटण कोणतं अन् भिंत कोणती, सांग बरं?" सात आठवडे झाले. आता भराभर लिहून टाकते, नाईतर पुन्हा रडत बसीन.

वर्धा जिल्ह्यात देवळीले बस स्टँडजवळ मामाचं दुकान. लग्नपत्रिका, अर्ज, दुकानांचे बोर्ड, सगळं टाईप करून मिळे. मी दुसरीत असताना तिथं पहिला कम्प्युटर आला अन् माहं बालपण तिथंच गेलं! खाली राखाडी पट्टी, वर निळी पट्टी, वाळूचं घड्याळ, अन् बटणं कशी... उभारलेली, खाली सावली असलेली, दाबलं की खरंच आत जाणारी. पुढं कम्प्युटर तीनदा बदलला, आतली सिस्टीम बदलली, पण मामा दरवेळी सेटिंगमध्ये घुसून त्याले परत तेच जुनं राखाडी रूप देई. मी डिझाईन शिकाले लागली तशी माही जीभ सुटली. "मामा, हे म्युझियममध्ये नेऊन दे ना!" मामा मान न वळवता म्हणे, "आधी तुह्या मामीले नेऊन दे, थे याच्यापेक्षा जुनी आहे." आतून मामीचा आवाज, "ऐकू येते बरं मले!"

दुकानाचा एक नियम होता, अख्ख्या तालुक्याले माहीत. पत्रिका छापाच्या आधी गिऱ्हाईकानं ती मोठ्यानं वाचायची. गणपतीच्या नावापासून ते खाली 'आमच्या काकाच्या लग्नाले यायचं हं' लिहिणाऱ्या लेकरांच्या नावापर्यंत. मामा डोळे मिटून ऐके अन् मधातच हात वर करे, "थांबा. आत्याबाई राह्यल्या." लोक म्हणत, मधुभाऊचा कान लय पक्का. मलेही तेच वाटे. काऊन वाचून घेतो, हे कधी विचारलंच नाई मी.

अन् त्याचा डेस्कटॉप! बाप्पा... पसारा! गावाच्या नावाचे फोल्डर, एक इकडं, एक तिकडं, मधातच मोकळी जागा, कोपऱ्यात तीन एकमेकाले चिकटलेले. माह्यासारखीले ते पाहूनच खाज सुटे. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मी सुट्टीवर आली होती. मामा जेवाले घरात गेला अन् मी मनात म्हटलं, चला, मामाले सरप्राईज! जुनं रूप काढलं, नवं पांढरंशुभ्र लावलं, अन् सगळे फोल्डर नावाप्रमाणं ओळीत बसवले. पाच मिनिटाचं काम. मले काय आनंद झाला होता!

मामा आला, बसला. मागंच वडनेरचे एक पाटील, मुलीच्या पत्रिकेत एक नाव वाढवाले आलेले. मामाचा हात माऊसवर गेला, सरसर फिरला, दोन क्लिक, प्रिंट. पाटलानं कागद हातात घेतला, वाचाले सुरुवात केली अन् जोरात हसले. "मधुभाऊ, हे त पुलगावचं लगन आहे! माह्या पोरीले कोणाच्या मांडवात उभी करता?" मामाही हसला. पण मी त्याचा हात पाह्यला. माऊस पुन्हा पुन्हा त्याच जागी नेऊन दाबत होता. "पाटील, एवढा चहा पिऊन या समोर, माह्या नावावर सांगा," असं म्हणून त्यानं त्याइले बाहेर पाठवलं, अन् माह्याकडं वळून हळूच म्हणाला, "पल्लू... माही गावं कुठं गेली?"

मले वाटलं रागावला. पण तो घाबरला होता. मामाले मी कधीच घाबरलेला पाह्यला नव्हता. मग त्यानं सांगतलं. जिथं पाहावं तिथंच मधात धुकं राह्यते, बाजूबाजूचं तेवढं दिसते. कित्येक वर्षांपासून हे वाढत आलं, अन् आता अक्षर वाचता येत नाई, त्यालेही वर्ष होऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, आता हे सुधारत नाई. "पत्रिकावाल्या मधूले दिसत नाई असं एकदा गावात झालं, की मले कोण काम देईन? कोणालेच सांगू नको. मामीलेई नाई."

माह्या डोक्यात एकेक गोष्ट धडाधड उलगडत गेली. मोठ्यानं वाचाचा नियम! टाईप त तो टायपिंगच्या क्लासात शिकलेला, बोटंच टाईप करत. अन् ते राखाडी रूप... उभारलेल्या बटणाची सावली त्याले धुक्याच्या बाजूनं दिसे. माह्या पांढऱ्यात पांढरं, त्यात त्याले काहीच दिसलं नाई. कमी दिसणाऱ्यासाठी स्क्रीन कसा करायचा याचे मी कॉलेजात मार्क घेतले, अन् तेच हा माणूस देवळीले एकटा, कोणाले न सांगता करून राह्यला होता!

"पाटील येतीन दहा मिनिटात," मामा म्हणाला. "बस. मी सांगतो तसे ठेव." अन् डोळे मिटून सांगाले लागला. "देवळी मधोमध. पवनार वर, उजव्या हाताले. पुलगाव डावीकडं, जरासं वर. आर्वी त्याच्याही वर, पार टोकाले. वडनेर खाली उजवीकडं... आणखी खाली, एवढं जवळ नाई ते, बसनं गेली नाईस का कधी?" तेव्हा कुठं मले दिसलं. पसारा नव्हताच तो. नकाशा होता! अख्खा वर्धा जिल्हा त्यानं स्क्रीनवर मांडला होता. गिऱ्हाईकानं गावाचं नाव घेतलं, की मामा पॉइंटर वरच्या डाव्या कोपऱ्यात ठोके, तिथं तो अडे, अन् तिथून हात त्या गावाच्या वाटेले लागे. चाळीसेक गावं सांगतली त्यानं, एकही चुकला नाई. पाटील चहा पिऊन आले तेव्हा राखाडी रूप परत आलं होतं, वडनेर जागेवर होतं, अन् या वेळी वाचताना ते कुठंच अडले नाई.

ते गेल्यावर मामा म्हणाला, "एक नवीन फोल्डर कर. पार खाली, डाव्या कोपऱ्यात, जिल्ह्याच्या बाहेर. नाव टाक पुणे."

"पुण्यात आपलं गिऱ्हाईक कोण आहे?"

"होईन कोणी."

परवा मी पुन्हा देवळीले आली. मामाच्या खुर्चीवर बसून, त्याच राखाडी स्क्रीनवर हे सगळं टाईप केलं. मामी गिऱ्हाईकाच्या स्टुलावर येऊन बसली. "छापाले देशीन त आधी मोठ्यानं वाच. इथं वाचल्याबिगर काहीच छापत नाई." मी वाचाले लागली. धुक्याच्या ओळीपाशी आली, अन् थांबली... मामीलेई नाई, असं म्हणाला होता ना तो.

"काऊन थांबली?" मामी म्हणाली. "अन् वर चुकलं आहे तुहं. 'दुकान उघडलं' लिवलं ना? शटर मी उघडत जाओ रोज. त्याले कुलपात चावी घालता येत नव्हती, दोन वर्षं." मग स्टूल जवळ ओढत म्हणाली, "त्यानं मले सांगतलं नाई, मी त्याले विचारलं नाई. छापू दे आता. आता कोण त्याचं काम काढून घेते?"

वरचं वाक्य मी दुरुस्त केलं नाई, आईनं फोनवर तसंच सांगतलं होतं. पण चूक सापडली, मामाच्या नियमानं सापडली, हे इथं लिहून ठेवते.

मग डोळे मिटले. पॉइंटर वरच्या डाव्या कोपऱ्यात ठोकला. तिथून कडेकडेनं खाली, खाली, आर्वी मागं टाकत, पार बुडापर्यंत. दोन क्लिक. डोळे उघडले.

पुणेच उघडलं होतं. आत काहीच नव्हतं, दोन वर्षं रिकामंच. हा लेख त्यात ठेवला.

आलं मामा, पुण्याचं गिऱ्हाईक.