घळीतून परत आलेला नारळ

नवसावर माझा विश्वास नव्हता. तरीही नवरा न्यूमोनियाने आयर्लंडमधल्या स्लायगोच्या रुग्णालयात होता, तेव्हा त्याच्या उशाशी बसून मी मनातल्या मनात कुलदेवीला म्हणाले, हा बरा झाला तर आम्ही दोघं डोंगरमाथ्यावर येऊन तुला नारळ वाढवू. माथा त्याच्यासाठी निवडला होता. पुण्यात असताना त्याचे रविवार सह्याद्रीत जात. तो बरा झाला. औषधांनी झाला, असंच मी सर्वांना सांगितलं. नवसाचं मात्र कोणाला सांगता येईना.

जानेवारीत डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली आणि त्याच आठवड्यात बर्फ पडला. थांबावंसं वाटत होतं. पण फेडायला उशीर केला तर आजार परत येईल, ही भीती जास्त होती. शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

डोंगराच्या धारेवर वारा उभं राहू देईना. "अगं, त्या घळीतून चढू," नवरा म्हणाला. "आडोसा मिळेल." सह्याद्रीत हे खरं असतं. दोन कड्यांमधल्या त्या अरुंद वाटेत खरोखरच वारा नव्हता. बर्फ घट्ट होता, पाय नीट ठरत होते. बरंच वर गेल्यावर पाण्याची बाटली काढताना माझ्या सॅकमधून नारळ निसटला आणि गडगडत खाली गेला. अपशकुन, एवढंच मला सुचलं.

"घे, तुझी देवी परत निघाली," नवरा म्हणाला.

घळीच्या तोंडाशी एक वृद्ध मेंढपाळ कुत्र्यासह मेंढरांमागे चालला होता. नारळ त्याच्यापाशी जाऊन थांबला. तोवर आम्ही त्याला दिसलोच नव्हतो, असं त्याने नंतर सांगितलं. त्याने वर पाहिलं, हात हलवून आम्हाला कडेच्या खडकांवर जायला खुणावलं आणि स्वतः खडकांवरून चढत आला.

"हे तुमचंच ना?" त्याने नारळ पुढे केला. "तीन दिवस वारा माथ्यावरचा बर्फ उडवून याच घळीत भरतोय. आणि तुम्ही त्यातूनच चढताय?"

"पण आयर्लंडमध्ये कुठे बर्फाचे कडे कोसळतात?" नवऱ्याने विचारलं.

"ते बर्फाला सांगितलंत का?"

त्याने काठी बर्फात रोवली. वरच्या थराला ती अडली, मग जोर देताच एकदम आत गेली. वर फरशीसारखा थर, खाली साखरेसारखा सुटा बर्फ. आम्ही खडकांवरून त्याच्यामागे उतरलो.

पायथ्याच्या दगडी कुंपणाशी थर्मासमधला चहा ओतत असताना वर एक दबका आवाज झाला. घळीतला बर्फ आडवा तडकला, सरकला आणि घळीच्या मध्यावर ढीग होऊन थांबला. आमच्या पावलांची रांग त्या ढिगाशी संपत होती. त्याच्या पुढे ओल्या गवताचा उघडा उतार होता. नवऱ्याने माझा हात धरला.

नारळ आम्ही त्या कुंपणावरच वाढवला. मेंढपाळाने कोणी न सांगता टोपी काढली. खोबरं चावून "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणाला आणि एक तुकडा कुत्र्याला दिला.

"तू तर माथ्यावर म्हणाली होतीस ना?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"माथा मी ठरवला होता," मी म्हणाले.

नारळ सॅकमधून निसटला, कारण माझी बोटं गारठली होती. मेंढपाळ तिथे होता, कारण त्याची मेंढरं तिथे होती. याहून अधिक मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून देवापुढे हात जोडताना मी जागा सांगत नाही, वेळ सांगत नाही, भीतीपोटी काही कबूलही करत नाही. डोळे उघडते तेव्हा स्वयंपाकघरात नवरा चहा गाळत असतो. मी नमस्कार करते आणि कप घ्यायला जाते.