दोन बिशपांमधलं अंतर

पदनाम: वटवाघूळ-निवारक (कायम). अतिरिक्त कार्यभार: कॅथेड्रलचा इतिहास अभ्यागतांस सांगणे, माफक आवाजात. वर्तणूक: समाधानकारक. उंची: मनोऱ्याच्या शिडीस पुरेशी.

दप्तरातल्या या माणसाला बाहेर सगळे इतिहासकाका म्हणत. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून काकांनी मनोऱ्याकडे पाठ फिरवली होती आणि अतिरिक्त कार्यभारावरच ते खाली सुखानं नांदत होते.

इतिहास त्यांना सनावळीनं कधी पाठ झाला नाही, नात्यागोत्यानं झाला. वेदीच्या उजव्या हाताला दोन दगडी बिशप शेजारी शेजारी निजलेले, तोंडं मात्र दोन दिशांना. काका सांगत, "हे थोरले, हे धाकटे. सख्खे भाऊ. थोरल्यांना मनोरे दोन हवे होते, धाकटे म्हणाले एक पुरे. बोलणं बंद झालं ते झालंच. म्हणून मनोरा एक. आणि मधे गुडघे टेकून बसल्यात, त्या वहिनी. समेट करायला आल्या, त्या बसूनच राहिल्या."

लग्न न करणाऱ्या बिशपांच्या घरात वहिनी कुठून आली, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. लोक डोळे पुसण्यात गुंतलेले असत.

मग कार्यकारिणीवर नव्या चिटणीसबाई आल्या. त्या इतिहास शिकून आल्या होत्या.

"काका, या दोघांमध्ये दोनशे वर्षांचं अंतर आहे."

"अंतर आहे, तेच तर मी सांगतोय बाई."

"तसलं नाही. भाऊ नव्हेत ते. एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्यांनी."

"इतकं विकोपाला गेलं होतं?"

बाईंनी छापील माहितीपत्रक त्यांच्या हातावर ठेवलं. शुक्रवारी त्या स्वतः ऐकायला येणार होत्या. यातलंच सांगितलं तर ठीक. नाहीतर काका मूळ पदावर. म्हणजे शिडीवर.

घरी काकांनी माहितीपत्रक बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"अहो, आज तुमच्या गोष्टीत कुणी घरीच नव्हतं का?"

"खरा इतिहास आहे हा."

"असेल. वहिनींचं काय लिहिलंय?"

"'अज्ञात दानशूर स्त्री.'"

"एवढी वर्षं बसून हेच का पडलं तिच्या पदरात," असं म्हणून तिनं देठ जरा जोरातच मोडलं.

शुक्रवारी काकांनी खरं तेच सांगितलं. अमुक साली पाया, तमुक साली छप्पर, मग पुन्हा छप्पर. पाहुणे कंटाळून वर बघू लागले. हे काकांना परवडणारं नव्हतं. वर वटवाघळं होती.

शेवटी एका आजोबांनी विचारलं, "पण या दोघांनी तोंडं का फिरवलीत?"

काकांनी माहितीपत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. मग चिटणीसबाईंकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. बाईंनी घसा साफ केला.

"त्यांच्यात," त्या म्हणाल्या, "अंतर होतं."

"असं होय. कशावरनं वाजलं?" आजोबा सरसावून उभे राहिले.

बाईंनी काकांना नुसती मान हलवून वाट दिली. काका पुढे झाले. "हे थोरले," त्यांनी माफक आवाजात सुरुवात केली.

कार्यकारिणीनं ठराव केला: निवेदन समाधानकारक, अतिरिक्त कार्यभार पुढे चालू. मूळ पदाच्या कामाबद्दल ठरावात काही नाही.

वटवाघळं अजून आहेत.