सांगून गेलेला माणूस

खिडकीशी आलेल्या पोराला दुर्योधनभाऊ ‘काय काम आहे’ असं कधी विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, “गाडी कितीची हाय?” अर्ज ते तारखेप्रमाणे लावत नसत, एसटीच्या वेळेप्रमाणे लावत. भामरागडचा सर्वांत वर, सिरोंचाचा त्याखाली. भद्रावतीचा मुलगा कुरकुरला तर म्हणत, “तुले सांजच्यालेबी गाडी हाय, बापू. हिची अडीचची सुटली, तं हे पोरगी झोपंल कुठी?”

विद्यापीठात तीस वर्षं त्यांनी बाबूगिरी केली, पण बढतीची परीक्षा दिली नाही. “साहेबाले खिडकी नाई रायत,” एवढंच कारण.

मी तिथंच शिपाई म्हणून लागलो आणि भांडत भांडत कर्मचारी संघटनेचा सचिव झालो. कुलसचिवांसमोर टेबलावर हात आपटणारा मी एकटाच. दुर्योधनभाऊ म्हणत, “तू भांड, मी काम करतो. दोन्ही पायजेत.”

रोजंदारीवरच्या बारा जणांना कायम करावं म्हणून आम्ही संप केला. अकराव्या दिवशी सकाळी कुलसचिवांचा निरोप आला, आठ जणांचं बघू. मी म्हणालो, बारा. समोरचा माणूस वाकायला लागला की मला कळतं. आणखी दोन दिवस, आणि बाराही पदरात पडले असते.

त्याच दुपारी दुर्योधनभाऊ संपाच्या मंडपातून उठले. फाटकाशी भामरागडकडची एक मुलगी सकाळपासून बसून होती. तिला बाहेरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि मायग्रेशन सर्टिफिकेट जमा करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

“तिचा कागद करून देतो न येतो,” ते मला म्हणाले.

“एक खिडकी उघडली का संप गेला, भाऊ. बारा घरं हायेत!”

“मले ठाव हाय. पन हे पोरगी आता घरी गेली, तं पुन्हा शिकाले नाई येनार.”

“मंग मले काऊन विचारता?”

“विचारून नाई राह्यलो. सांगून राह्यलो. चोरावानी काऊन जाऊ?”

“जा! पन या मंडपात पुन्हा पाय ठेवू नका!” मी सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असा ओरडलो.

अर्ध्या तासात कागद झाला. पण उघडी खिडकी पाहून दुसऱ्या दिवशी तिघं कामावर गेले, तिसऱ्या दिवशी निम्मे. संप बसला. बारांपैकी एकही कायम झाला नाही. हे मी विसरलेलो नाही.

मग कुणीतरी उठवलं, दुर्योधन प्रशासनाला विकला गेला. ते खोटं होतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी गप्प राहिलो. हरलेल्या सचिवाला असा एक माणूस लागतो.

त्यानंतर सहा वर्षं त्यांच्यासोबत कुणी डबा उघडला नाही. ते आपल्या टेबलावरच जेवत, आमच्याकडे पाठ करून. मधेच कुणी खिडकीशी आलं तर हातातली पोळी ठेवून अर्ज घेत. दिवसभरात माणसांशी बोलणं होई ते तेवढंच.

एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. “मले संगं घेऊ नका. पन मी सांगून गेलतो, येवढं तं लोकाले सांग.”

“आधी त्या बारा जनाईले जाऊन सांगा,” मी म्हणालो. ते कठड्याला धरून खाली उतरले.

निवृत्तीला शाल-नारळ झालं. घरापर्यंत सोडायला जायचा रिवाज होता, पण कुणी गेलं नाही. मीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. मी हट्टानं कार्यालयात शोकसभा ठेवायला लावली आणि उभं राहून सांगितलं: संप त्यांनी मोडला, हे मी आजही म्हणतो. पण ते विकले गेले नव्हते. माझ्या तोंडावर सांगून गेले होते, आणि ते मी दडवलं.

समोर सगळे नवे चेहरे, एजन्सीमार्फत लागलेले. जुने केव्हाच निवृत्त होऊन पांगले होते. दोन मिनिटं स्तब्धता झाली. पहिल्या रांगेतल्या मुलीनं अदबीनं विचारलं, “सर, कोणता संप?”